स्कॅन करून विमानाचे पार्ट बनत नसतात

जुन्या फायटर विमानांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, स्पेअर मिळत नाहीत म्हणजे काय, पार्ट स्कॅन करा, मशीनवर कापा आणि लावा, एवढं काय त्यात. मला हे ऐकून वैताग येतो म्हणून हे लिहितोय. उदाहरण घेऊ अमेरिकेच्या नॉर्थ्रॉप कंपनीच्या एफ-५ या फायटरचं.

याचं जे-८५ इंजिन मुळात क्वेल नावाच्या तोतया क्षेपणास्त्रासाठी होतं, बी-५२ बॉम्बरने ते हवेत सोडायचं आणि शत्रूच्या रडारला तोच बॉम्बर वाटायचा. म्हणजे एकदा उडून संपणारी वस्तू. तसली दोन चिमुकली इंजिनं शेजारी शेजारी बसवून केलेलं हलकं विमान जुलै १९५९ मध्ये उडालं, १९७२ ला सुधारलेलं एफ-५ई आलं, वेग ध्वनीच्या दीडपटीच्या वर. अमेरिकेने ते मित्रदेशांना भरपूर दिलं.

आता त्या इंजिनातलं टर्बाइनचं, म्हणजे गरम वायूच्या झोताने फिरणाऱ्या चाकाचं, एक पातं घ्या. इंजिन मिनिटाला साधारण १६,५०० फेरे मारतं. पातं ५० ग्रॅमचं आणि केंद्रापासून १८ सेंमीवर धरलं तर त्याला बाहेर खेचणारी ओढ अडीच टनांच्या वर जाते, आणि हे सगळं लालबुंद तापलेलं असताना! तापलेला धातू असा ओढत राहिलं की तो न तुटता हळूहळू लांब होत जातो, याला क्रीप म्हणतात. साधं स्टील इथे टिकणारच नाही.

म्हणून निकेलमध्ये थोडं अ‍ॅल्युमिनियम, टायटॅनियम वगैरे घालतात, मग धातूच्या आत मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान कण तयार होतात ज्यात निकेल आणि अ‍ॅल्युमिनियमचे अणू अगदी ठरलेल्या जागी बसलेले असतात. धातू वाकतो किंवा ताणला जातो तो अणूंच्या रांगांमधले दोष सरकल्यामुळे, पण असा दोष एकटा या कणात घुसला तर तिथली मांडणी विस्कटते, ती सरळ करायला मागून दुसरा दोष लागतो, म्हणून ते जोडीनेच जातात आणि तापमान वाढलं की ही जोडी मधेच वळून अडकून बसते. डोक्यावरून गेलं तरी चालेल, पण गंमत बघा, हे कण सुमारे ७००-८०० अंशांपर्यंत तापवल्यावर उलटे जास्त मजबूत होतात!!

हे कण केवढे होणार ते ठरतं पातं किती अंशावर किती तास ठेवलं आणि कसं थंड केलं त्यावर. स्कॅनरला दिसतो तो फक्त बाहेरचा आकार.

इराणचंच बघा. तिथला राजा शहा याच्या काळात एफ-५ मिळाली, १९७९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेचे स्पेअर बंद. तिथून जे-८५ सारखं ओज नावाचं इंजिन जगाला दाखवायला २०१६ उजाडलं. २०१८ मध्ये कौसर नावाचं 'स्वदेशी' फायटर वाजतगाजत दाखवलं, ते एफ-५ च्या शेजारी उभं केलं तर फरक शोधावा लागेल. माझ्या मते खरी मेहनत इंजिनावरची होती, गाजावाजा मात्र विमानाचा झाला.

उत्तर व्हिएतनामला १९७५ मध्ये युद्ध जिंकल्यावर दक्षिण व्हिएतनामची एफ-५ आयती हाती लागली, काही त्यांनी सोव्हिएत युनियनला तपासायला दिली, बाकीची काही वर्षं उडवली. मग स्पेअर संपले आणि विमानं जमिनीवर आली.