टेबलावरचा डोंगर खरा का वाटतो?

चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळच्या ज्या घरात छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) राहत, तेथे आज त्यांच्या कलेचे संग्रहालय आहे. तेथील टेबल-टॉप छायाचित्रे पाहताना आधी त्या ठिकाणाचे नाव विचारावेसे वाटते. तो देखावा साध्या वस्तू टेबलावर मांडून रचलेला आहे, हे नंतर कळते. मूस यांच्या एकांतवासाच्या कथा खानदेशात पुष्कळ सांगितल्या जातात. त्या कथांच्या भरात या चित्रांमागचे भौतिकशास्त्र मात्र झाकोळून जाते, असे मला वाटते.

छायाचित्रात वस्तूचा खरा आकार कोठेच नोंदलेला नसतो. मेंदू तो काही खुणांवरून ठरवतो. त्यांतली सर्वांत चहाडखोर खूण म्हणजे फोकस. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) ठेवून १० मीटरवर फोकस केला, तर सुमारे ५ मीटरपासून थेट सातमाळ्याच्या डोंगररांगेपर्यंत सारे स्पष्ट उमटते. तीच लेन्स अर्ध्या मीटरवरच्या देखाव्याकडे वळवली, की स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटरांचा उरतो. पुढचे कुंपण स्पष्ट आणि मागचा डोंगर धूसर दिसला, की डोंगर वीतभर उंचीचा आहे हे डोळ्याला लगेच कळते.

यावर उपाय म्हणजे लेन्सचे छिद्र लहान करणे. पण त्यामुळे प्रकाश घटतो आणि विवर्तन वाढते, म्हणजे छिद्राच्या कडांमुळे प्रकाश पसरून प्रत्येक बिंदूची बारीक चकती होते. एफ/६४ वर या चकतीचा व्यास सुमारे ०.०९ मिलिमीटर असतो. लहान फिल्म दहापट मोठी करून छापली तर ती चकती जवळजवळ १ मिलिमीटरची होईल आणि चित्र मऊ पडेल. ८ × १० इंचांची निगेटिव्ह कागदाला चिकटवून त्याच आकारात छापली, तर मात्र ती चकती हातभर अंतरावरून डोळ्याला जाणवतही नाही.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३० मध्ये टिपलेली ‘पेपर नं. ३०’ ही ढोबळी मिरची याच पद्धतीची आहे. लहान छिद्रामुळे नैसर्गिक प्रकाशात कित्येक मिनिटे शटर उघडे ठेवावे लागले. मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवल्यामुळे त्याच्या वक्र भिंतीवरून परतलेला उजेड तिच्या कडांना लागला आणि ती एखाद्या पहिलवानाच्या पाठीसारखी भरीव दिसू लागली. जळगावी भरताच्या वांग्यालाही हे भाग्य लाभायला हरकत नव्हती!

टेबलावर सूर्य उभा करणे याहून अवघड. आकाशातला सूर्य आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो आणि उन्हातील सावलीच्या कडा किती मऊ असाव्यात, हे त्यावरूनच ठरते. ६ सेंटिमीटरचा बल्ब २ मीटरवर ठेवला, तर तो तिप्पट रुंद दिसतो आणि सावल्या त्या प्रमाणात विरतात. शिवाय देखाव्याचा पुढचा भाग दिव्यापासून १ मीटरवर आणि मागचा २ मीटरवर असेल, तर मागे एकचतुर्थांशच उजेड पोहोचतो. खऱ्या उन्हात असे कधी होत नाही. म्हणून दिवा लहान हवा आणि शक्य तितका दूर हवा, आणि त्याची किंमत पुन्हा लांबलेल्या एक्स्पोजरने मोजावी लागते.

एवढे सगळे साधले तरी पाणी दाद देत नाही. पृष्ठताणामुळे पाण्याचा थेंब काही मिलिमीटरांचाच राहतो. देखावा शंभरपट लहान केला म्हणून थेंब शंभरपट लहान होत नाही, आणि वीतभर नदीच्या काठाला पाण्याची फुगीर कड लगेच दिसते. त्यामुळे टेबलावरच्या नदीसाठी पाण्यापेक्षा काच किंवा आरसा अधिक विश्वासू ठरतो.