पार्श्वभूमी : एबी रोडच्या रुंदीत वाटा कोणाचा?

आग्रा-मुंबई रस्ता, म्हणजेच एबी रोड, इंदूरमधून जातो असं म्हणण्यापेक्षा इंदूरच या रस्त्यावर पसरलं, असं म्हणणं जास्त खरं आहे. देवास नाका, विजयनगर, एलआयजी, पलासिया, गीताभवन, नवलखा, भंवरकुआँ आणि पुढे राऊ ही नावं एका ओळीत घेतली की निम्म्या शहराची दिनचर्या डोळ्यांसमोर येते. सध्या या ओळीवर काय उभारायचं (उड्डाणपूल) आणि काय पाडायचं (बसची स्वतंत्र लेन) यावर जो वाद चालू आहे, त्याची मुळं गेल्या वीस वर्षांत आहेत. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल.

होळकरांची राजधानी 1818 नंतर महेश्वरहून इंदूरला आली. एकोणिसाव्या शतकात हा मार्ग पक्का झाला. तेव्हा वस्ती राजवाड्याभोवती होती, ब्रिटिश प्रतिनिधीचं ठाणं म्हणजे रेसिडेन्सी पूर्वेला, आणि महूची छावणी याच वाटेवर. 1918 मध्ये एका स्कॉटिश नगररचनाकाराने दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्याच सुमाराला शहर प्लेगने त्रासलेलं असताना त्याने दिवाळीची एक मिरवणूक काढली. ज्या भागातली घरं झाडून-पुसून दुरुस्त केलेली असतील, तिथूनच ती जाईल असं त्याने आधी जाहीर केलं. मिरवणुकीचा मार्ग रहिवाशांच्या कामावर ठरला. आपल्या शहराच्या नियोजनात लोकांना सामील करून घेतल्याचं इतकं ठळक उदाहरण त्यानंतर शोधावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3 झाला. 2010 च्या नव्या क्रमांकांत ब्यावरा-इंदूर-धुळे हा भाग 52 मध्ये गेला, तरी बोलण्यात तो एबी रोडच राहिला. पूर्वेकडून मांगलिया ते राऊ असा सुमारे 32 किलोमीटरचा बायपास झाल्यावर ट्रक शहराबाहेरून जाऊ लागले आणि जुना रस्ता हळूहळू शहराची मुख्य गल्ली बनला. गर्दी मात्र हटली नाही. ट्रकची जागा दुचाक्या, मोटारी, मॅजिक नावाच्या छोट्या प्रवासी गाड्या आणि पुढे ई-रिक्षांनी घेतली.  

खरा पेच सुरू झाला तो 2005 नंतर. त्या डिसेंबरात केंद्राने शहरांच्या नूतनीकरणाची मोठी योजना आणली आणि 2006 मध्ये राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आलं. रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यावी, हा त्या धोरणाचा गाभा होता. या योजनेच्या पैशातून देशात जलद बससेवेचे स्वतंत्र मार्ग आखले गेले. इंदूरने त्यासाठी एबी रोड निवडला. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा पट्टा होता. काम अनेक वर्षं चाललं आणि मे 2013 मध्ये ही जलद बससेवा, आय-बस, सुरू झाली. याच केंद्रीय योजनेची राज्यांना एक अट होती : लोकसहभागाचा कायदा करा. बसमार्गाची चर्चा करताना ही अट फारशी कोणी आठवत नाही, आणि माझ्या मते तिथूनच गाडं बिघडलं.

वादाचा मुद्दा एकच होता : बसची लेन रस्त्याच्या मधोमध का? अभियंत्यांकडे याचं उत्तर होतं. डावीकडे लेन ठेवली तर प्रत्येक गल्लीचं तोंड, प्रत्येक दुकानापुढची उभी गाडी आणि प्रत्येक फळांची हातगाडी बसला अडवते. मध्ये ठेवली तर बस चौकापर्यंत अडत नाही. पण त्याची किंमत चौकात मोजावी लागते. उजवीकडे वळणाऱ्या वाहनांसाठी सिग्नलचा वेगळा टप्पा लागतो, बाकीच्यांचा हिरवा दिवा आखूड होतो आणि प्रवाशाला बसथांब्यापर्यंत पोचायला वाहत्या रस्त्याचा अर्धा भाग ओलांडावा लागतो. पलासियासारख्या चौकात, जिथे एमजी रोडही येऊन मिळतो, हा हिशेब अवघड होता. शिवाय मार्ग राजीव गांधी चौराह्यावरच थांबला. राजेंद्रनगर आणि राऊकडच्या लोकांना, त्यात मराठी कुटुंबं बरीच, तिथे उतरून दुसरं वाहन पकडावं लागे.

मोटारीत बसलेल्या माणसाला मात्र चौकातल्या रांगेत उभं असताना शेजारची मोकळी लेन दिसायची. ती रिकामी का दिसते, हे त्याला कोणी समजावलं नाही. दर तीन मिनिटांनी साठ प्रवाशांची एक बस धरली तर त्या लेनमधून तासाला 1,200 माणसं जातात. तेवढीच माणसं मोटारीतून न्यायची आणि प्रत्येक मोटारीत दोघं बसली आहेत असं मानलं, तरी 600 मोटारी लागतील. गेल्या काही वर्षांत आय-बसचे प्रवासी रोज 50 हजारांच्या पुढे गेले होते. त्यात भंवरकुआँ-गीताभवनकडच्या शिकवण्यांना आणि विद्यापीठात जाणारी मुलं होती, विजयनगरच्या दुकानांत व ऑफिसांत काम करणाऱ्या बायका होत्या, दुचाकी चालवू न शकणारे म्हातारे होते. तक्रार करायला वेळ आणि वकील, दोन्ही ज्यांच्याकडे होते, ते बहुतेक काचेच्या पलीकडे मोटारीत होते.

सेवा सुरू झाली आणि प्रकरण लगेच न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशाने काही काळ बसच्या लेनमधून चारचाकी गाड्याही धावल्या, मग ती पुन्हा बसला मिळाली. याचिका येत राहिल्या. 2024 मध्ये न्यायालयाने मार्गाची उपयुक्तता तपासायला पाच जणांची समिती नेमली. त्याच वर्षी जानेवारीत भोपाळचा असाच बसमार्ग उखडायला सुरुवात झाली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने इंदूरचाही हटवणार असं जाहीर केलं, आणि 27 फेब्रुवारी 2025 रोजी न्यायालयाने तो हटवण्याला मंजुरी दिली. लगेच काही ठिकाणची रेलिंग उखडली गेली. पुढचं काम मात्र महिनोन्‌महिने रेंगाळलं, निविदा अडल्या, आणि न्यायालयालाच त्याबद्दल पुन्हा जाब विचारावा लागला.

दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट विसरतात. ही लेन बांधताना किंवा काढताना शहराला विचारणं कोणत्याही कायद्याने बंधनकारक नव्हतं. आपल्याकडे हरकती मागवण्याचे तीन मोठे दरवाजे आहेत. पहिला विकास आराखड्याचा. राज्याच्या 1973 च्या नगर व ग्राम निवेश कायद्यानुसार मसुदा प्रसिद्ध करून किमान तीस दिवस हरकती-सूचना घ्याव्या लागतात. पण आराखड्यात रस्त्याची रेघ आणि रुंदी असते. त्या रुंदीतला कोणता हिस्सा बसला, कोणता सायकलीला आणि कोणता पार्किंगला, हे नसतं. दुसरा भूसंपादनाचा. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात अधिसूचनेनंतर 21 दिवसांत हरकत घेता येते, पण ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यालाच. जमीन आधीच सरकारी असेल तर नोटीस कोणाला द्यायची? तिसरा पर्यावरणीय जनसुनावणीचा. 2006 च्या अधिसूचनेतल्या मर्यादा लांब महामार्ग डोळ्यांसमोर ठेवून घातलेल्या आहेत, शहरातला साडेअकरा किलोमीटरचा पट्टा त्यांत बसत नाही. कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई भरते, पण तिथे माणूस स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन जातो. रस्त्याचा नकाशा तिथे टेबलावर उलगडत नाही.

म्हणजे आहे त्या रस्त्याची फेरवाटणी करताना, जिथे सर्वांत जास्त लोकांचं रोजचं आयुष्य बदलतं, तिथेच ऐकून घेण्याची सोय नाही. म्हणून सगळं याचिकेत जातं. याचिकेत पक्षकार असतात. रोज बसने जाणारी मुलगी पक्षकार नसते.

उन्नत मार्गाचंही असंच झालं. एलआयजी ते नवलखा या साधारण सहा किलोमीटरच्या पुलाला केंद्रीय निधी मंजूर झाला. नंतर वाहनांची पाहणी केली तेव्हा कळलं की एका टोकाला चढून दुसऱ्या टोकाला उतरणारी वाहनं फारच थोडी आहेत. बहुतेकांना मधेच कुठेतरी वळायचं असतं. मग चौकाचौकांवर वेगवेगळे उड्डाणपूल करायचा विचार पुढे आला आणि लांब पूल मागे पडला, पण तोही पूर्ण मिटला नाही, चर्चेत परत आला. ही पाहणी मंजुरीच्या आधी व्हायला हवी होती. पलासियाच्या सिग्नलला रोज उभा राहणारा कोणीही रिक्षावाला हे फुकट सांगू शकला असता.

गावकुसाबाहेर परिस्थिती जास्त गंभीर आहे. जून 2025 च्या अखेरीस इंदूर-देवास मार्गावर अर्जुन बडोद्यापाशी पुलाचं काम चालू असताना पावसात वाहनांची कित्येक किलोमीटर रांग लागली आणि एका दिवसाहून जास्त काळ हलली नाही. तीन जणांचे प्राण गेल्याच्या बातम्या आल्या. पर्यायी कच्चा रस्ता चिखलात गेला होता. त्या गावच्या लोकांनी पावसाळ्यात तिथे पाणी कुठे साचतं हे नक्कीच सांगितलं असतं. हे प्रकरणही जनहित याचिकेतून न्यायालयासमोर गेलं.

पश्चिमेच्या सुमारे 64 किलोमीटरच्या रिंगरोडबाबत शेतकऱ्यांनी भूसंपादनाच्या मोबदल्यावरून आंदोलनं केली. तिथे निदान कायद्याने ऐकून घ्यावं लागतं, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. उज्जैनचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे, त्यामुळे सगळ्याच कामांना तारखेची घाई लागली आहे, आणि घाईत सर्वांत आधी कापला जातो तो ऐकून घेण्याचा वेळ.

2021 पर्यंतचा शहर विकास आराखडा 1 जानेवारी 2008 पासून लागू होता. त्याची मुदत संपली तरी नव्याचा मसुदा वर्षानुवर्षं लांबला आणि मधल्या काळात इंदूर, उज्जैन, देवास, धार मिळून महानगर प्रदेशाची भाषा सुरू झाली. नवा मसुदा जेव्हा येईल तेव्हा तीस दिवसांची मुदत असेल. एबी रोडपुरतं बोलायचं तर त्या तीस दिवसांत रुंदीच्या आकड्यासोबत रस्त्याचा आडवा छेदही मागता येईल : फूटपाथ किती मीटर, बसला किती, उजवीकडे वळायला किती, आणि राजीव गांधी चौराह्याच्या पुढे राऊपर्यंत काय. आजवर हा कागद मसुद्यासोबत लोकांपुढे ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.