बायकोनं हाती तंबोरा दिला

बेळगावात शहापूर-वडगावकडच्या काही मराठी घरांत शुक्रवारी आरती झाली की ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ म्हणतात. म्हणणारीला कानडी वाचता येत नसतं. पण ‘मज्जिगे’ म्हणजे ताक आणि ‘बेण्णे’ म्हणजे लोणी, हे बाजारानं शिकवलेलं असतं. ताक घुसळताना लोणी वर येतं तशी तू ये, असं लक्ष्मीला बोलावणं.

पद पुरंदरदासांचं, म्हणजे कानडी संतकवीचं. परंपरेनं काळ 1484 ते 1564. जन्म पुण्याजवळच्या पुरंदरगडचा की तीर्थहळ्ळीकडचा, हा वाद जुना आहे. आपण सीमाभागातल्या लोकांनी तरी त्यात पडू नये, आपले वाद आपल्याला पुरेत.

मूळ नाव श्रीनिवास नायक. सावकारी पेढी, आणि हात आखडता. कथा अशी: मुलाच्या मुंजीसाठी मदत मागणाऱ्या ब्राह्मणाला त्यांनी खेटे घालायला लावले. तो घरी गेला, तर बायकोनं, सरस्वतीबाईंनी, नाकातली चमकी काढून दिली. ब्राह्मण तीच विकायला पेढीवर आला. नायकांनी ती ओळखली, पेटीत कुलूपबंद केली आणि घरी येऊन बायकोकडे चमकी मागितली. ती विष घ्यायला निघाली, तर वाटीत चमकी! इकडे पेटी रिकामी. नायकांनी सगळं वाटून टाकलं आणि माध्व संप्रदायाचे गुरू व्यासतीर्थ यांच्याकडून दीक्षा घेतली.

कथा खरी-खोटी असो, त्यांचं पद आहेच: झालं ते बरंच झालं, तंबोरा नि काठी हाती धरायची लाज वाटत होती, बायकोचं गोत हजारपट वाढो, तिनंच ती धरायला लावली. हे वाचलं की आपल्याला तुकोबा आठवणारच. ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे’. तेही दुकानदार, तेही त्याच अभंगात बायकोचं नाव काढतात. फक्त ‘कर्कशा’ म्हणून. आभार मानण्यात दासांचा हात जास्त मोकळा, एवढं म्हणायला हरकत नाही.

कर्नाटक संगीत शिकणारा आजही मायामाळवगौळ रागातल्या सरळींपासून, म्हणजे पहिल्या स्वरपाठांपासून, सुरुवात करतो. ती घडी दासांनी बसवली असं मानतात. पदाच्या शेवटी मुद्रा, म्हणजे कवीची नाममुद्रा, ‘पुरंदरविठ्ठल’. हंपीत विठ्ठलाचं मोठं देऊळ आहे. विजयनगरच्या राजानं पंढरपूरची मूर्ती तिकडे नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही गोष्ट आपल्या कीर्तनांत असतेच.

दासांची पदं मराठी कानांपर्यंत नेली ती मुख्यतः गदगकडच्या भीमसेन जोशींनी. अभंगही तेच गात. आमच्याकडे कॅसेट लागली की मधले शब्द सगळ्यांचे चुकायचे. ‘बारम्मा’ आलं की मात्र स्वयंपाकघरातूनही आवाज यायचा.