दार बंद, तरी लाइट चालू: गाडीतला दिवा विझत का नाही?

गाडी लावली, लॉक केली, चार पावलं गेलो आणि सहज मागे वळून बघितलं तर आतला लाइट चालूच. म्हटलं थांबू, जाईल आपोआप. नाही गेला. मग परत येऊन सगळे दरवाजे एकेक करून धाडधाड आपटले, तरी तेच. शेवटी वैतागून छतातला बल्बच काढून खिशात टाकला आणि पुढचे दोन महिने सीटखाली पडलेल्या वस्तू मोबाइलच्या उजेडात चाचपत बसलो. दोष कुठे होता ते सांगतो नंतर, पण ज्या दारांना मी आपटत होतो त्यांची बिचाऱ्यांची काही चूक नव्हती एवढं आत्ताच सांगून टाकतो.

आधी बावळटासारखी वाटणारी गोष्ट बघायची, म्हणजे लाइटचं स्वतःचं बटण. बहुतेक गाड्यांत त्याला तीन जागा असतात, कायम चालू, कायम बंद आणि मधली ‘डोअर’, म्हणजे दार उघडलं की लागणारी. मागे बसलेल्या पोराने ते कधी सरकवलं हे आपल्याला कळत पण नाही. काही गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड कमीजास्त करायचं जे गोल चाक असतं ते टोकापर्यंत फिरवलं की टक् होऊन छताचा लाइट पण लागतो, आणि हे माहीत नसलेला माणूस दिवसभर वायरिंग उकलत बसतो. दुसरं म्हणजे बऱ्याच नवीन गाड्यांत दार लावल्यावर लाइट लगेच जातच नाही, अर्धा-एक मिनिट रेंगाळतो आणि मग हळूहळू मंद होतो, तो बिघाड नाही, मुद्दाम दिलेली सोय आहे.

हे सगळं ठीक असेल तर मग खरी गंमत सुरू होते. लाइटला दार दिसत नाही, त्याला फक्त एक स्विच सांगतो की दार उघडं आहे. आणि आपल्या घरातल्या स्विचपेक्षा याचं काम उलटं चालतं. घरात बटण दाबलं की दिवा लागतो, इथे दाराने स्विच दाबला की दिवा विझतो. जुन्या धाटणीच्या गाडीत दाराच्या चौकटीत एक रबरी टोपीवाली छोटी दांडी असते, दार बंद झालं की ती आत जाते आणि सर्किट तुटतं, दार उघडलं की स्प्रिंगने बाहेर येते आणि सर्किट जुळतं. बल्बला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून कायमच मिळत असतो, हा स्विच फक्त त्याची मायनसची बाजू गाडीच्या पत्र्याला जोडतो, म्हणजे ‘अर्थिंग’ देतो. अशा स्विचला बऱ्याचदा एकच वायर दिसते कारण दुसरी वायर म्हणजे तो ज्या स्क्रूने पत्र्यावर बसवलाय तो स्क्रूच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे सगळ्या दारांचे स्विच समांतर जोडलेले असतात, त्यामुळे कुठल्याही एकाने ‘उघडं’ म्हटलं की लाइट लागलाच, बाकीचे कितीही ‘बंद, बंद’ म्हणोत. दुसरी म्हणजे लाइट लागायला त्या एका वायरने पत्र्याला शिवणं पुरेसं आहे. बिजागरीपाशी रबरी नळीतून ज्या वायरी दारात जातात त्या हजारो वेळा वाकून वाकून सोलवटतात आणि उघडी तार पत्र्याला टेकली की स्विच एकदम ठणठणीत असून पण लाइट विझत नाही.

बऱ्याच नवीन गाड्यांत ती दांडी शोधू नका, सापडणार नाही. स्विच आता दाराच्या लॅचमध्ये, म्हणजे कुलपाच्या खटक्यातच लपवलेला असतो आणि तो थेट बल्बला न सांगता बॉडी कंट्रोल मॉड्युल नावाच्या छोट्या कॉम्प्युटरला सांगतो. हे लॅच धूळ, पाणी आणि घट्ट झालेलं ग्रीस याने चिकटतं, आतला छोटा स्विच अर्धवट जागी राहतो आणि दार नीट लागलेलं असून गाडी म्हणते उघडं आहे.

तपासायची युक्ती सोपी आहे. दार उघडं ठेवूनच लॅचचा खटका स्क्रूड्रायव्हरने बंद जागेवर ढकलायचा, दोनदा टक् टक् ऐकू येतं. लाइट गेला (किंवा थोड्या वेळाने मंद होत गेला) तर खोट त्याच दारात, कारण बाकीचे सगळे ‘बंद’च म्हणतायत; नाही गेला तर पुढचं घ्या. पण एक गोष्ट विसरू नका, टेस्ट झाल्यावर हँडल ओढून खटका परत मोकळा करायचा आणि मगच दार लावायचं, नाहीतर बंद लॅच चौकटीवरच्या कडीवर आपटतं आणि लाइटच्या नादात लॅचचा खर्च होतो. दांडीवाला स्विच असेल तर बोटाने दाबून बघा. तरी नाही गेला तर एकेका स्विचची वायर काढून हवेत धरा. एखादी काढल्यावर लाइट गेला तर तो स्विच खराब, आणि सगळ्या काढूनही चालूच राहिला तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकलीये. मॉड्युलवाल्या गाडीत मात्र हा नियम सरसकट लागत नाही कारण काही गाड्या सुटलेल्या वायरीलाच उघडं दार समजतात.

एवढ्याशा दिव्याने काय होतंय असं वाटतं ना, तर हिशोब करू. १० वॉटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर खातो. ४५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर ४५ तास पुरवेल अशी) नवी बॅटरी कागदावर ५० तासांच्या वर टिकेल, पण स्टार्टर काही बॅटरी पूर्ण रिकामी व्हायची वाट बघत नाही. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ ला ती जवळपास अर्धी झालेली असते, आणि जुनी बॅटरी तर एका रात्रीतच मान टाकते. एलईडी लावला असेल तर चिंता बरीच कमी. आणि हो, एलईडी बसवल्यावर बंद असताना तो अगदी अंधुक चमकत असेल तर स्विचला दोष देऊ नका, सर्किटमधून झिरपणारा किरकोळ करंट साध्या बल्बला पेटवू शकत नाही पण एलईडीला तेवढा पुरतो.

फ्यूज काढून मोकळं होणं हा उपाय मला पटत नाही, कारण त्याच फ्यूजवर बऱ्याचदा घड्याळ, रेडिओची मेमरी, कधी सेंट्रल लॉकसुद्धा असतं. रात्रीपुरता बल्ब काढा, ते जास्त शहाणपणाचं. फक्त आधी थंड होऊ द्या, बोट भाजतं.

आता सुरुवातीला सांगतो म्हटलेला दोष: माझी डिक्की, तिच्या स्विचवर पण छताचा लाइट लागायचा. डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचं चित्र येत नव्हतं कारण माझ्या गाडीत ते फक्त चार दारांसाठी आहे. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून तो डिक्कीत ठेवला, डिक्की लावली, मिनिटभराने उघडून बघितलं तर बंद डिक्कीत दिवा मस्त जळतोय. लॅच उघडून काँटॅक्ट क्लीनर मारला, खटका दहा-बारा वेळा पुढेमागे केला, नवीन ग्रीस थोडंसं लावलं, झालं काम. छतातला बल्ब मात्र नवीन घ्यावा लागला, जुना खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये गेला होता.