पार्श्वभूमी: खंड कोणी कापला?

'खंड' हा शब्द आमच्या बेळगावच्या सीमाभागात एका अर्थावर थांबत नाही. खानापूरकडे रोप लावून झालं आणि पावसाने दडी मारली की 'पावसाने खंड दिला' म्हणतात. कुळाने मालकाच्या दारी नेऊन घातलेलं भात, तोही खंडच. शाळेत गेलं की 'आशिया खंड'. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या वर्गातही शब्द हाच. आणि पूजेला बसल्यावर गुरुजी 'जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे' सांगतात, तिथे द्वीप मोठं आणि खंड हा त्याचा तुकडा. भूगोलाच्या पुस्तकाने तुकड्याचा हा शब्द अख्ख्या आशियाला चिकटवला, त्यामुळे भरतखंड हा खंडातला खंड झाला. आता आपण 'उपखंड' म्हणून वेळ भागवतो. मला हा घोळ उपयोगी वाटतो. खंड म्हणजे तोडलेलं; मग तोडलं कोणी, हा प्रश्न लगेच पुढे येतो.

आशिया आणि युरोप यांच्यामध्ये तर समुद्रही नाही. ग्रीकांच्या काळापासून डॉन नदी ही सीमा धरली जाई, म्हणजे रशियाचा पुष्कळ भाग आशियात पडत होता. युद्धकैदी म्हणून सायबेरियात वर्षानुवर्षं काढलेल्या एका स्वीडिश अधिकाऱ्याने १७३० मध्ये ही रेघ युरल पर्वतावर नेली. मूळ कल्पना आपली, असा दावा एका रशियन अधिकाऱ्यानेही केला. युरोपात गणना व्हावी ही रशियन दरबाराची हौस, तेव्हा रेघ टिकली. डोंगर होता तिथेच होता.

रेघेआधी चेहरे आले होते. १५७० मध्ये अँटवर्पला छापलेल्या नकाशासंग्रहाच्या पहिल्याच पानावर खंडं म्हणजे बायका: वर सिंहासनावर मुकुटधारी युरोप, दोन बाजूंना आशिया आणि आफ्रिका, तळाशी उघडीवाघडी अमेरिका, हातात कापलेलं मुंडकं. पुढची दोनेक शतकं चित्रकार हीच मांडणी गिरवत राहिले.

आमच्या शाळेतला जगाचा नकाशा कापडावर चिकटवलेला, वरखाली लाकडी दांडा असलेला. त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसे. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २२ लाखांच्या आत. चौदा ग्रीनलंड मावतील. भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट. १५६९ चा हा मर्केटर नकाशा दर्यावर्दींना दिशा धरायला केलेला, त्यांच्यासाठी तो चोखच होता. वर्गाच्या भिंतीवर तो लावला हा त्याचा दोष नव्हे. १९७३ मध्ये क्षेत्रफळ राखणारा दुसरा नकाशा गाजावाजाने पुढे आला. तशीच रचना एकोणिसाव्या शतकातच मांडली गेली होती, आणि त्यात आफ्रिका वाळत घातलेल्या धोतरासारखी लांबते. २०२५ मध्ये आफ्रिकी देशांच्या संघटनेने मर्केटर बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला.

इथल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, ते नकाशावरच. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह' ही घोषणा म्हणजे तोंडी नकाशाच होता. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर होतं तिथेच ठेवलं. इथल्या मराठी माणसाने तो कधीच मानला नाही. आजही त्या तारखेला शहरात एकीकडे काळा दिन, दुसरीकडे राज्योत्सवाचे चित्ररथ. त्यांवर राज्याच्या नकाशापुढे भुवनेश्वरी देवी उभी. अँटवर्पच्या त्या बायकांची आठवण मला दर वर्षी होते, फक्त इथे देवीला हात जोडतात.

युरोपनेही आपली बाई अजून सोडलेली नाही. २०१३ पासून आलेल्या युरोच्या नोटा उजेडात धरल्या की ग्रीक पुराणातली युरोपा दिसते. याच नोटांच्या मागच्या नकाशात पहिल्यांदा माल्टा आणि सायप्रस आले. सायप्रस तुर्कस्तानच्या दक्षिणेला, सिरियाच्या किनाऱ्यासमोर आहे.