ई-स्कूटर फुटपाथवरच बरी?

‘भाड्याची ई-स्कूटर हळूच पळते, फुटपाथवर चालवली तर कुणालाच धोका नाही,’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. पटतोही, कारण मोटारींपुढे ती हळूच वाटते. पण फुटपाथवर तुलना चालणाऱ्याशी करायला हवी. तो ताशी साधारण 5 किमी चालतो, स्कूटर 25 पर्यंत जाते. म्हणजे सेकंदाला जवळपास 7 मीटर. समोर कुणी आलं की ब्रेक दाबेपर्यंत सेकंद जातोच. दारापासून दहा पावलं मोजून बघा, तेवढं अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपतं. त्यात गाडीला फारसा आवाजही नाही!

चालवणारे फुटपाथवर चढतात ते बहुधा रस्त्याच्या भीतीने. नुसत्या दंडाने ती भीती जात नाही, वेगळी लेन लागते. तिच्यासाठी काही शहरं कंपन्यांकडून दर फेरीमागे शुल्क घेतात.