मूल्याधिष्ठित कृषी पर्यटन (मुंबई परिसर)

शेती हाच मूळ धंदा ठेवून त्याच शेतावर पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारा, आणि माती, पाणी, मजुरी व अन्न यांबाबतचे आपले नियम गिऱ्हाईक हातचे गेले तरी न मोडणारा व्यवसाय. मुंबईकरांच्या शनिवार-रविवारवर चालणारी निवासस्थाने कर्जत, मुरबाड, शहापूर, वसई, डहाणू, अलिबाग या पट्ट्यात गावोगाव दिसतात. त्यांतल्या पुष्कळ ‘फार्महाऊस’वर शेत नावालाच असते. ओळखायची खूण सोपी आहे : खोल्या वर्षभर बंद ठेवल्या, तरी मृगात तिथे पेरणी होणार असेल, तर ते शेत.

मुंबईतला चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत गावी जातच होता. गाव सुटलेल्यांची पुढची पिढी आली, तेव्हा पैसे देऊन शेतावर राहण्याची कल्पना रुजली. नेरळजवळची सगुणा बाग हे शेखर भडसावळे यांनी १९८५च्या सुमारास उभे केलेले या भागातले जुने उदाहरण. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी २००५पासून या कामाला संघटित रूप दिले. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२०मध्ये आले. त्यात किमान एक एकर शेतजमीन असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणीने कर्जाची व सवलतींची वाट मोकळी होते, हे महत्त्वाचेच. पण मूल्ये प्रमाणपत्रात येत नाहीत, ती रोजच्या कामात पाळावी लागतात.

तिथे पेच पडतात. भडसावळे यांच्याच ‘सगुणा राइस तंत्रा’त गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) भात टोकतात, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. माती वाहून जात नाही, बायकांचे दिवसभर चिखलात वाकून राहणे टळते. मात्र या पद्धतीत तणनाशक वापरतात आणि सेंद्रिय शेतीवाल्यांचा त्यालाच आक्षेप आहे. दोन्ही बाजूंना मातीचीच काळजी आहे. अशा वेळी आपण काय फवारतो आणि का, हे पाहुण्याला बांधावर उभे करून सांगणे हाच प्रामाणिक यजमानाचा मार्ग. ‘सगळे नैसर्गिक’ अशी पाटी लावून मोकळे होणे ही फसवणूक आहे.

या व्यवसायाचा जीव स्वयंपाकघरात असतो. ताटात काय येणार हे शेत आणि रान ठरवते. पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी येते. ती खाजरी, म्हणून काकड या रानझाडाची आंबट फळे घालूनच शिजवायची. हे माहीत असलेली बाई चुलीपाशी नसेल, तर पाहुण्याचा घसा धरतो. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, कंटोळी या रानभाज्या. भात कापून झाला की रायगडात त्याच शेतातल्या ओलीवर वाल होतो, आणि शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, मधे अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके जमिनीवर पालथे घालायचे आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. मडक्यावर पाणी शिंपडले आणि चर्र करून उडाले, की पोपटी झाली. ही मे महिन्यात मागितली तर ‘आता नाही’ असेच उत्तर मिळाले पाहिजे. बाजारातला गोठवलेला दाणा घालून बारमाही पोपटी देणारा यजमान आपल्याच शेताचा हंगाम खोटा पाडतो.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण. मुंबईचे पिण्याचे पाणी तानसा (धरण १८९२), वैतरणा, भातसा या धरणांतून, म्हणजे मुख्यतः शहापूरच्या बाजूने येते. त्याच तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा गावात कूपनलिकेच्या पाण्यावर तरणतलाव भरणे कायद्यात बसत असेलही, पण शेजाऱ्याची विहीर आटत असताना ते शोभत नाही. खोल्या किती बांधायच्या, हे वैशाखातल्या आपल्या विहिरीकडे पाहून ठरवावे. सांडपाणी केळी-अळूच्या आळ्यांना सोडणे ही कोकणची जुनीच रीत, तिला वेगळा खर्चही नाही.

मजुरीबाबत एवढेच सांगता येते की भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या बायकांना दर ताटामागे ठरलेला वाटा मिळतो का, आणि भिंतीवर वारली चित्र काढणाऱ्याला मोबदला व नाव मिळते का, हे विचारले की बाकीचे आपोआप कळते. पाहुण्यांसमोर आदिवासींना नाचवणे सरळ बंद व्हावे. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचे त्यांचे नाच त्यांच्या सणांचे आहेत. बोलावणे आले तर पाहुण्याने तिथे जावे.

खुद्द मुंबईच्या हद्दीतही शेती शिल्लक आहे. गोराई-मनोरीला खाडीपलीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन (मूळच्या इथल्याच ख्रिस्ती) कुटुंबांच्या शेतीच्या वाड्या आहेत. आरेची दूधवसाहत १९४९ची. तिथले वारली, कोकणा, मल्हार कोळी पाडे त्याच्याही आधीचे. पावसाळ्यात ते भाज्या, थोडा भात करतात आणि ओळखीच्या शहरवासीयाला अंगणात बसवून जेवूही घालतात. कृषी पर्यटनाचा धडा देण्याजोगे यजमान तेच. परंतु ते कसतात त्या जमिनीचा सातबारा बहुतेकांच्या नावावर नाही आणि शेतजमिनीचा कागद नसला तर केंद्राची नोंदणी होत नाही. त्यामुळे राजधानीतला हा जुना शेतकरी शासनाच्या धोरणाबाहेर उभा आहे. ही त्रुटी दूर व्हायला हवी.